एअर जॅकवरची गाडी हळूहळू खाली का येते, आणि तिच्याखाली कधी जावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकण–शिक्रापूर रस्त्यावर तुमचे ट्रकच्या टायरचे दुकान असून तेथे पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) आणि ब्रेकची किरकोळ कामेही होतात. वर्षभरापूर्वी तुम्ही हवेवर चालणारा ३० टनी बाटली जॅक घेतला. पावसाळा सुरू झाल्यापासून तो झटके देत उचलतो, उचललेली गाडी अर्ध्या तासात बोटभर खाली येते, आणि दुकानातला कारागीर त्यात ब्रेक ऑइल घालून पाहू या असे म्हणतो. त्याशिवाय, गाडी जॅकवर असताना पाच-दहा मिनिटांच्या कामासाठी खाली शिरले तर चालते का, असेही तुम्ही विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीच्या बाबतीत चूक झाली तर जॅक बिघडेल आणि या बाबतीत झाली तर माणूस जाईल. केवळ जॅकवर असलेल्या गाडीखाली पाच मिनिटांसाठीही शिरू नये, मग तो जॅक कालच खोक्यातून काढलेला असो. तुमचा जॅक तर खाली येतो आहे, तेव्हा त्याची दुरुस्ती होऊन चाचणी होईपर्यंत तो वापरातून बाजूला काढा आणि त्यावर तशी चिठ्ठी बांधा. चिठ्ठी नसेल तर संध्याकाळी घाईत असलेला कोणीतरी तोच जॅक उचलून नेतो, हे प्रत्येक कार्यशाळेत घडते.

आता हे यंत्र नेमके काय करते ते पाहू, कारण वापराचे आणि देखभालीचे बहुतेक नियम त्यातूनच निघतात. कंप्रेसरची हवा जॅकच्या कडेला असलेल्या छोट्या एअर मोटरमध्ये जाते. या मोटरमध्ये एक मोठा पिस्टन पुढे-मागे धावतो आणि त्याला जोडलेला बारीक प्लंजर तेल ढकलतो. हवेचा पिस्टन क्षेत्रफळाने प्लंजरच्या जितके पट मोठा, तितके पट तेलाचा दाब हवेच्या दाबापेक्षा जास्त होतो. एक उदाहरण घ्या. रॅमचा, म्हणजे गाडीला वर ढकलणाऱ्या जाड दट्ट्याचा, व्यास ७५ मिलिमीटर असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४४ चौरस सेंटिमीटर भरते, आणि त्यावर ३० टन तोलायचे तर तेलाचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे ६८० किलो लागतो. तो ८ किलोच्या, म्हणजे दर चौरस इंचाला साधारण ११४ पाउंडाच्या हवेतून मिळवायचा असेल तर क्षेत्रफळांचे गुणोत्तर पंच्याऐंशीच्या आसपास हवे. याचा अर्थ असा की हवेचा दाब एका किलोने वाढला की तेलाचा दाब पंच्याऐंशी किलोंनी वाढू शकतो. तुमचा कंप्रेसर ट्रकचे टायर भरण्यासाठी १५० पाउंडांवर लावलेला आहे आणि तीच नळी तुम्ही थेट जॅकला जोडता. जॅकच्या पट्टीवर कमाल हवेचा दाब १२० पाउंड लिहिला असेल, तर अतिभार रोखणारी झडप वेळोवेळी विनाकारण ताणली जाते. जॅककडे जाणाऱ्या नळीवर दाब मर्यादित ठेवणारा स्वतंत्र रेग्युलेटर बसवा. पाणी अडवणारी गाळणी आणि तेल सोडणारा ल्युब्रिकेटर यांसह तो एकत्र संच म्हणून मिळतो आणि एका टायरच्या किमतीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो.

या जॅकचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तो श्रमाशिवाय उचलतो, आणि माझ्या मते त्याचा सर्वांत मोठा धोकाही तोच आहे. हाताने दांडा मारताना ओझे वाढले की दंडाला कळते. गाडी कशात अडकली, जॅक तिरका झाला, खालची जमीन दबू लागली, तर दांड्याचा अंदाज बदलतो आणि अनुभवी माणूस थांबतो. हवेला यातले काहीच कळत नाही. मागच्या ॲक्सलची एक बाजू उचलताना जॅकवर साधारण सहा टन येतात, जास्त भरलेल्या गाडीत सात-आठ येतील. म्हणजे ३० टनी जॅक आपल्या ताकदीच्या पावभागावर काम करत असतो आणि उरलेली ताकद चुकीच्या जागी लावण्यास तो मोकळा असतो. ब्रेक चेंबरच्या ब्रॅकेटखाली लागला तर तो ब्रॅकेट वाकवील, यू-बोल्टच्या टोकावर टेकला तर घसरेपर्यंत ढकलत राहील. म्हणून हवा सोडणारी लिव्हर दाबण्यापूर्वी सर्व विचार संपलेला असावा, आणि लिव्हर दाबलेली असताना डोळे जॅकच्या डोक्यावर व पायथ्यावर असावेत. कानही वापरावेत. रिकामा वर जाताना एअर मोटर भराभर टकटक करते, भार येताच टकटक मंदावते. गाडी अजून टेकलेली नसताना आवाज मंदावला, तर जॅक भलत्याच वस्तूला लागला आहे असे समजावे.

भाराचा अंदाज कागदावर करता येतो. चार टायर असलेल्या एका ॲक्सलची कायदेशीर मर्यादा २०१८ मध्ये १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आली, आणि एका बाजूला त्याच्या निम्मा भार धरावा. गाडी एका अंगाला कललेली असेल किंवा माल एका बाजूला सरकलेला असेल, तर हा निम्म्याचा हिशोब चुकतो. शक्य असेल तेथे माल उतरवूनच उचलावे. उसाने भरलेली ट्रॉली किंवा अर्धा भरलेला टँकर उचलताना विशेष सावध राहावे. पहिल्याचे ओझे उंच असते, तर दुसऱ्यातला द्रव थोड्या उताराबरोबर एका बाजूला धावतो आणि जॅकवरचा भार क्षणात बदलतो.

जॅक कोठे लावावा याचे उत्तर गाडीच्या पुस्तिकेत असते. ती नसेल तर ट्रकच्या बाबतीत पाट्यांच्या बैठकीलगतचा ॲक्सलचा जाड भाग बहुधा योग्य ठरतो. डिफरन्शियलच्या (मागच्या ॲक्सलच्या मधोमध असलेल्या गिअरच्या पेटीच्या) गोल पोटाखाली जॅक लावून दोन्ही चाके एकदम उचलण्याची सवय मला मान्य नाही. तेथील पृष्ठभाग गोल असतो, गाडी एका बिंदूवर डोलते आणि झाकणाचा पत्रा दबून तेल गळू लागते. चासीखाली जॅक लावल्यास पाटे पूर्ण सैल होईपर्यंत चाक जमिनीवरून सुटत नाही. तेवढी उंची गाठण्यासाठी जॅकचा सगळा दट्ट्या बाहेर येतो, आणि पूर्ण बाहेर आलेला रॅम आडव्या धक्क्याला सर्वांत कमकुवत असतो. उंची कमी पडत असेल तर जॅकखाली मजबूत बैठक वाढवावी किंवा डोक्यावरचा स्क्रू फिरवून वर काढावा. डोक्यावर नट, पाइपचे तुकडे आणि लाकडाच्या फळकुटांची चळत रचू नये.

चाके अडवण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण जाणकार चालकही येथे फसतात. ‘गाडी गिअरमध्ये आहे, हँडब्रेक ओढला आहे’ हे वाक्य चाक उचलल्यानंतर खरे राहीलच असे नाही. गिअरमुळे प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलकडे जाणारा दांडा, रोखला जातो. पण चालकशक्तीच्या ॲक्सलचे एक चाक हवेत गेले की डिफरन्शियलमुळे ते चाक उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे दुसरे चाक सुटे होते. गाडी गिअरमध्ये असूनही उताराकडे सरकते. हँडब्रेक शाफ्टवर असलेल्या जुन्या गाड्यांतही हेच घडते. स्प्रिंग ब्रेक (हवा सोडल्यावर स्प्रिंगच्या जोराने लागणारे) प्रत्येक चाकावर असलेल्या गाडीत एक चाक उचलले तरी उरलेली चाके धरून ठेवतात. मात्र बहुतेक ट्रकांत हे स्प्रिंग ब्रेक मागच्या ॲक्सलवर असतात, त्यामुळे दोनच ॲक्सल असलेल्या गाडीत मागची दोन्ही चाके उचलली की पुढच्या चाकांना काहीच ब्रेक उरत नाही. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून दोन्हीकडे पाचरी लावल्याशिवाय जॅकला हात लावू नये. रस्त्याकडेचा दगड हा पाचरीला पर्याय होत नाही, कारण तो चाकाबरोबर लोळतो.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करून घ्यावेत. उचललेल्या गाडीवर लांब पान्याने अंग टाकले की तो सगळा आडवा जोर जॅकवर येतो. हाच नियम शेवटच्या आवळणीलाही लागू आहे, ती चाक जमिनीला टेकल्यावर करावी.

त्यानंतर जमीन पाहावी. बाटली जॅकची बैठक १५ सेंटिमीटर लांब आणि तितकीच रुंद असेल, तर ती २२५ चौरस सेंटिमीटर होते. तिच्यावर दहा टन टाकले तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे ४४ किलो येतात. चांगल्या काँक्रीटला हे सहज झेपते. डांबर मे महिन्याच्या दुपारी मऊ होते आणि त्यात बैठकीची एक कड आधी रुतते, म्हणजे जॅक वाकतो. पावसात भिजलेल्या काळ्या जमिनीचा तर प्रश्नच नको. जॅकखाली अर्धा मीटर लांब-रुंद जाड लाकडी पाट आणि त्यावर लोखंडी प्लेट ठेवली, तर तोच भार २,५०० चौरस सेंटिमीटरवर पसरतो आणि दाब ४ किलोंवर येतो. लाकूड बाभळीसारखे चिवट असावे. विटा, सिमेंटचे ब्लॉक आणि रिकामे रिम कधीही वापरू नयेत. चिवट लाकूड दबताना करकरते आणि वेळ देते, तर सिमेंटचा ब्लॉक कोणताही इशारा न देता फुटतो.

उचलताना लिव्हर थोडी दाबावी, सोडावी आणि पाहावे. जॅकचे डोके टेकून भार येऊ लागला की एकदा थांबून तो उभा सरळ आहे का, हे दोन बाजूंनी पाहून घ्यावे. पुरेशी उंची मिळाली की स्टँड, म्हणजे आपली घोडी, ॲक्सलखाली किंवा चासीच्या भक्कम भागाखाली लावावी आणि जॅक सावकाश सोडून भार तिच्यावर घ्यावा. स्टँडवर लिहिलेली क्षमता एका नगाची आहे की जोडीची, हे विकत घेतानाच विचारून घ्या, काही बनावटींत ती जोडीची असते. भार स्टँडवर गेल्यावर जॅक नुसता लागून ठेवण्यास हरकत नाही, तो दुसरा आधार होतो. येथे एक गोष्ट हमखास राहून जाते. गाडी उचलून झाली की हवेची नळी जॅकपासून काढून टाकावी. नळी जोडलेली राहिली तर कोणाचा तरी पाय लिव्हरवर पडू शकतो किंवा कंट्रोल व्हॉल्व्हची ओ-रिंग (रबरी कडी) फाटलेली असेल तर जॅक आपोआप वर चढत राहतो. स्टँडवरून उचलली गेलेली गाडी ही खाली येणाऱ्या गाडीइतकीच घातक असते.

उतरवताना तेल परत सोडणारा रिलीज व्हॉल्व्ह पाव आट्याहून कमी उघडून सुरुवात करावी. घाईने पूर्ण उघडला आणि मध्येच घाबरून बंद केला तर खाली येणारे ओझे एकाएकी थांबते. त्या धक्क्याने तेलाचा दाब नेहमीच्या कितीतरी पट होतो आणि सील किंवा झडपेची बैठक तेथेच जाते. एका ॲक्सलखाली दोन जॅक लावून दोघांनी एकाच वेळी उतरवण्याचा प्रकार टाळावा.

एअर सस्पेन्शन असलेल्या बसमध्ये वेगळी काळजी लागते. तिच्या फुग्यांतली हवा उंची राखणारी झडप आपोआप भरते आणि सोडते. ॲक्सल आणि बॉडी यांतले अंतर बदलले की ती झडप आपले काम सुरू करते, आणि बॉडी अचानक खाली बसू शकते. अशा गाडीत ॲक्सल आणि चासी या दोन्हींना स्वतंत्र आधार दिल्याशिवाय मध्ये हात घालू नये. पुण्या-मुंबईत आता विजेवरच्या बसही धावतात. अशी गाडी रस्त्यात बंद पडून तुमच्याकडे आली, तर उत्पादकाने खूण केलेल्या जागेशिवाय कोठेही जॅक लावू नका, कारण खाली उच्च व्होल्टेजच्या विजेच्या केबल आणि काही गाड्यांत बॅटरीची पेटीही असते. महामार्गाच्या कडेला, वाहत्या रहदारीच्या बाजूचे चाक बदलायचे असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: गाडी हळूहळू पुढच्या सुरक्षित जागेपर्यंत न्यावी आणि टायर वाया गेला तरी चालेल. तेही शक्य नसेल तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मागावी.

आता तुमच्या जॅकच्या तक्रारी पाहू. झटके आणि खाली येणे या दोन तक्रारी एकाच वेळी दिसल्या तरी त्यांचे मूळ बहुधा दोन ठिकाणी आहे. झटके पावसाळ्यात सुरू झाले, तेव्हा पहिला संशय पाण्यावर घ्यावा. ३० अंश तापमानाची पूर्ण दमट हवा दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात बाळगते. अशी दहा घनमीटर हवा आठ किलो दाबापर्यंत दाबून पुन्हा त्याच तापमानाला आली की ती जेमतेम सव्वा घनमीटरच्या आत मावते. तेवढ्या जागेत ३५ ग्रॅमच्या आसपास वाफ राहू शकते, आणि उरलेले पाव लिटरहून अधिक पाणी कंप्रेसरच्या टाकीत साचते. टाकीचा खालचा कॉक रोज उघडला नाही तर ते पाणी नळीतून थेट एअर मोटरमध्ये जाते, तिथला तेलाचा थर धुऊन काढते आणि आतली सरकती झडप गंजून अडखळू लागते. कोकणात तर पावसाळ्यात हा कॉक दिवसातून दोनदा उघडावा लागतो.

झटके हवेच्या बाजूचे की तेलाच्या बाजूचे, हे ओळखण्याची सोपी रीत आहे. जॅक सुरू करून आवाज ऐका. टकटकच मध्ये थांबत आणि पुन्हा सुरू होत असेल तर दोष हवेकडे आहे: पाणी, गंज, कमी दाब किंवा प्रवेशाजवळची बारीक जाळी तुंबणे. टकटक एकसारखी चालू असून रॅम मात्र उड्या मारत वर जात असेल तर तेलात हवा शिरली आहे किंवा तेल कमी आहे. तुमच्या जॅकला हाताचा दांडाही असणार. त्याने उचलून पाहा. हाताने नीट उचलतो आणि हवेने उचलत नाही, तर एअर मोटर किंवा तिचा प्लंजर तपासावा. दोन्हींनी उचलत नाही, तर तेल, रिलीज व्हॉल्व्ह किंवा सामाईक झडपा. एवढ्या दोन चाचण्यांत निम्मा जॅक खोलण्याचे श्रम वाचतात.

हवेची बाजू साफ करण्यासाठी प्रथम दाब पूर्ण काढावा, नळी सोडवावी आणि प्रवेशातली जाळी काढून स्वच्छ करावी. मग एअर टूलच्या तेलाचा छोटा चमचाभर भाग आत सोडून, रिलीज व्हॉल्व्ह उघडा ठेवून, भार नसताना मोटर अर्धा मिनिट चालवावी. सुरुवातीला निकासातून लालसर पाणी येईल. तोंड आणि डोळे बाजूला ठेवावेत आणि तेथे फडके धरावे. दोन-तीन वेळा असे करूनही अडखळत असेल तर मोटर खोलून सील संच बदलावा लागेल. हातोडीने ठोकून ती सुरू करू नका, आतला भाग नाजूक ॲल्युमिनियमचा असतो.

खाली येण्याची कारणे साधारण या क्रमाने शोधावीत. सर्वांत पहिले आणि सर्वांत स्वस्त कारण म्हणजे रिलीज व्हॉल्व्हच्या बैठकीवर अडकलेला कण. भार नसताना व्हॉल्व्ह दीड-दोन आटे उघडावा, त्याहून जास्त नको, नाहीतर तो बाहेर येऊन तेल सांडते. मग पंप वीस-पंचवीस सेकंद चालवावा. तेल फिरून परत जॅकच्या तेलाच्या टाकीत जाते आणि कण धुऊन निघतो, शिवाय अडकलेली हवाही निघून जाते. व्हॉल्व्ह पुन्हा बंद करताना हाताच्या जोरावर भागत नसेल तर पाइप लावून आवळू नये, त्याने बैठकीवर खाच पडते आणि मग जॅक कधीच नीट धरत नाही. दुसरे कारण म्हणजे तेल परत येऊ न देणाऱ्या गोळीच्या झडपेखाली अडकलेला कचरा. भार असताना हाताचा दांडा आपोआप वर उचलला जात असेल, तर पुढच्या झडपेतून तेल मागे येत आहे असे समजावे. कापसाच्या गोळ्याने किंवा चिंधीने पुसत तेल भरले की त्याचा एकच धागा या गोळीखाली जाऊन बसतो आणि बोटभर उतार तेवढ्याने होतो. तिसरे कारण रॅमचे सील. रॅमभोवती किंवा वरच्या नटाजवळ ओल दिसली, रॅमच्या क्रोमवर खड्डे किंवा ओरखडे असले, तर नवीन सीलही फार काळ टिकणार नाही, रॅमच बदलावा लागेल.

यात एक बारीक बाब लक्षात ठेवा. दुपारी तापलेले तेल रात्री थंड झाले की आकसते. तेलाचा आकार दर अंशाला सुमारे ०.०७ टक्क्यांनी बदलतो, म्हणजे वीस अंशांचा फरक पडला आणि रॅमखाली १५ सेंटिमीटर तेल असेल तर गाडी रात्रीत दोन मिलिमीटर खाली येऊ शकते आणि तरी जॅक निर्दोष असतो. अर्ध्या तासात बोटभर हा प्रकार त्यात बसत नाही. निकासातून तेलाचा दाट फवारा येत असेल आणि जॅकमधले तेल महिन्या-महिन्याला कमी होत असेल, तर प्लंजरच्या सीलमधून हायड्रोलिक तेल एअर मोटरमध्ये जात आहे. पण ल्युब्रिकेटरच जास्त तेल सोडतो असे समजून बरेच लोक त्याचाच स्क्रू फिरवत बसतात.

ब्रेक ऑइल अजिबात घालू नका. आपल्या गाड्यांत वापरले जाणारे सर्वसाधारण ब्रेक ऑइल ग्लायकॉल जातीचे असते आणि जॅकचे सील नायट्राइल रबराचे असतात. ते फुगतात, मऊ पडतात आणि काही आठवड्यांत फाटतात. शिवाय हे द्रव्य हवेतला ओलावा ओढून घेते. इंजिन ऑइलही योग्य नाही. ४० अंशाला १५डब्ल्यू-४० जातीचे इंजिन ऑइल ३२ ग्रेडच्या (ग्रेड म्हणजे घट्टपणाचे माप) हायड्रोलिक तेलापेक्षा तिपटीहून अधिक घट्ट असते, आणि त्यातली मळ धरणारी रसायने पाणीही धरून ठेवतात. जॅकच्या पट्टीवर जो ग्रेड असेल तोच घ्यावा, साधारणपणे आयएसओ व्हीजी २२ किंवा ३२ असतो. ब्रेक ऑइल चुकून घातले गेले असेल तर नुसते तेल बदलून भागत नाही, सगळे सील बदलावे लागतात.

तेल भरताना रॅम पूर्ण खाली असावा आणि पातळी भरण्याच्या बुचाच्या खालच्या कडेपर्यंत किंवा पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे असावी. रॅम वर असताना काठोकाठ भरले तर तो खाली आल्यावर परतलेल्या तेलाला जागा उरत नाही आणि बूच किंवा सीलमधून ते बाहेर पडते. काढलेले तेल काचेच्या बाटलीत धरून उजेडात पाहा. दुधी रंग म्हणजे पाणी, काळसर म्हणजे जुने झालेले किंवा सीलचा चुरा मिसळलेले. रोज वापर असलेल्या जॅकचे तेल मी वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, बदलण्यास सांगतो.

गळती शोधताना हात फिरवू नका. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून काही शे किलो दाबाने निघालेले तेल हातमोजा आणि त्वचा दोन्ही भेदते. जखम डास चावल्याएवढी दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण आत गेलेले तेल मांस सडवते. अशा वेळी पट्टी बांधून घरी न पाठवता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब न्यावे आणि दाबाचे तेल आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गळती पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून पाहावी आणि जोड आवळण्यापूर्वी दाब काढावा.

अतिभाराची झडप मात्र कोणत्याही परिस्थितीत फिरवू नये. जॅक उचलत नाही म्हणून ती आवळणे हा बाजारातला रूढ उपाय आहे आणि तो दुरुस्ती म्हणून खपवला जातो. ही झडप कारखान्यात दाबमापक लावून ठरवलेली असते, तशीच तिची मापणी करण्याची सोय असलेल्या दुरुस्तीगृहातच ती उघडावी. तुमच्याकडे कामगार वाढून कारखान्यांसाठीचा सुरक्षा कायदा लागू झाला, तर कंप्रेसरच्या टाकीसह दाबाखाली चालणाऱ्या यंत्रांचा सुरक्षित दाब ओलांडला जाणार नाही याची जबाबदारी तुमच्यावर येते. लहान दुकानातही टाकीची सुरक्षा झडप आणि दाबमापक चालू आहेत, एवढे तरी पाहावेच.

रोजच्या देखभालीला दहा मिनिटे पुरतात. सकाळी टाकीचे पाणी सोडावे. ल्युब्रिकेटर नसेल तर प्रवेशात एअर टूलच्या तेलाचे चार-पाच थेंब टाकावेत. नळीवर चिरा, फुगवटे आणि जोडाच्या क्लिपा पाहाव्यात. रॅम पुसून संध्याकाळी पूर्ण खाली करून, जॅक उभा, छपराखाली ठेवावा. वर राहिलेला रॅम दमट हवेत गंजतो आणि तोच गंज दुसऱ्या दिवशी सील कापतो. जॅक आडवा वापरायचा असेल तर उत्पादकाने तशी परवानगी दिली आहे का ते पाहावे, आणि दिली असल्यास पंप खालच्या बाजूला ठेवावा, नाहीतर तो तेलाऐवजी हवा ओढतो.

दुरुस्तीनंतरची चाचणी अशी करा. रिकाम्या ट्रकची मागची एक बाजू उचला, पाचरी आणि स्टँड आधीच लावलेले असू द्या, मात्र स्टँड ॲक्सलपासून दोन सेंटिमीटर खाली ठेवा. ॲक्सल ते जमीन हे अंतर टेपने मोजून खडूने लिहा, हवेची नळी काढा आणि सर्वांनी दूर उभे राहावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. फरक दिसला नाही तर भरलेल्या गाडीवर हेच करा, कारण काही झडपा कमी भारावर पाझरतात आणि जास्त भारावर घट्ट बसतात, काहींचे उलट असते. रिलीज व्हॉल्व्ह धुऊन आणि तेल बदलूनही पंधरा मिनिटांत दोन-तीन मिलिमीटर उतार दिसत असेल तर जॅक सील संचासाठी द्या. बैठकीला किंवा सिलिंडरला तडा दिसला, कोठे वेल्डिंग केलेले आढळले किंवा रॅम वाकलेला असेल, तर दुरुस्तीचा विचार सोडून तो भंगारात घालावा, आणि दुसऱ्या कोणी विकत घेऊन वापरू नये म्हणून आधी त्याचा रॅम कापून टाकावा.